भरती-ओहोटी आणि उतारूंची ने-आण
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी परिसर अभ्यासाचा एक पाठ)

‘दळणवळणाची साधने’ हा घटक शिकविताना बैलगाडी, आगगाडी व विमान यांची चित्रे भिंतीवर टांगली जातात, मुले नावे पाठ करतात आणि पाठ संपतो. रायगडच्या किनाऱ्यावरील शाळांत तरी असे होऊ नये. येथील मुलाचा बाप किंवा भाऊ मुंबईस कामास असतो, मामा करंजाहून रेवसला तरीतून येतो, आत्या दिघीस राहते. पाठाची सामग्री मुलाच्या घरातच आहे. शिक्षकाने ती केवळ नीट मांडावयाची आहे.

आरंभ नकाशाने करावा. मुंबई व मांडवा या दोन ठिकाणांवर दोरा ताणून धरावा. नंतर तोच दोरा पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग अशा रस्त्याने फिरवावा. पाण्यावरून सुमारे २० किलोमीटर असलेले अंतर रस्त्याने शंभराच्या घरात जाते, हे मुलांना स्वतःच्या हातांनी कळेल. मग ‘सारे लोक पाण्यानेच का जात नाहीत?’ असा प्रश्न टाकावा व उत्तरासाठी घाई करू नये. कोळ्यांच्या मुलांना उत्तर ठाऊक असते.

समुद्राचे वेळापत्रक चंद्राच्या हाती असते. किनाऱ्यावरील जुन्या माणसांचा हिशेब असा : पक्षातील तिथीस पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ सुमारे मिळते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, अमावास्येस व पौर्णिमेस सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण सुकती. अपूर्णांकांच्या गुणाकारास याहून चांगले उदाहरण पुस्तकात सापडणार नाही. आता मुलांकडून पुढची पायरी काढून घ्यावी. अमावास्येची सुकती सायंकाळी साडेपाचच्या सुमारास येते. उधाणाचे दिवस असल्याने तेव्हा पाणी नेहमीपेक्षा फार मागे हटते. आणि चाकरमानी घरी परतण्याची वेळही तीच! उरणजवळच्या मोरा बंदरात गाळ साचल्यामुळे खोल ओहोटीत भाऊच्या धक्क्याहून आलेली लाँच धक्क्यास लागू शकत नाही आणि फेऱ्या खंडित होतात, त्याचे कारण मुलांस येथे समजते. गाळ काढणे व धक्का खोल पाण्यापर्यंत नेणे हीदेखील प्रवासाची सुधारणाच आहे. नवी नौका आणण्याइतके तिचे कौतुक होत नाही, एवढेच.

यानंतर १७ जुलै १९४७ चा दिवस सांगावा. आषाढातील अमावास्येचा, गटारीचा सण होता. घरी जाण्यासाठी निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ बोट सकाळी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघाली. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनी ती एका अंगावर कलली, घाबरलेले उतारू एका बाजूस लोटले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नसल्याने मुंबईस बातमी पोहोचली ती पोहून वाचलेल्यांच्या तोंडून. या किनाऱ्यावरील कित्येक घरांत ती आठवण अद्याप आहे. म्हणून वर्गात हे सांगताना आवाज चढवू नये, वर्णन लांबवू नये. त्याऐवजी घमेल्यात पाणी घेऊन त्यात एक लहान परात तरंगत ठेवावी. परातीत खडे सारखे पसरावेत व मग हळूहळू एका कडेस सरकवावेत. परात पाणी घेते. खडे तेवढेच असतात, केवळ जागा बदललेली असते.

आजची व्यवस्था पुष्कळ बदलली आहे. गेटवे–मांडवा लाँचसेवा पावसाळ्यात बंद ठेवतात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोठी रो-रो बोट सुरू झाली. टाळेबंदीमुळे ती लगेच थांबली व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा चालू झाली. तिच्यात माणसांबरोबर मोटारीही जातात, प्रवास सुमारे तासाभराचा होतो आणि हवामान अनुकूल असल्यास पावसाळ्यातही ती चालते. दक्षिणेस आगरदांडा व दिघी यांच्यामधील फेरीबोटीने राजपुरी खाडीचा मोठा वळसा वाचविला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंतच्या लोकलगाडीचे आणि शिवडी–न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले. हा सेतू २१.८ किलोमीटर लांब असून त्यातील सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आहे. मात्र त्यावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना मनाई आहे, हेही सांगावे. मोटारसायकलवरून कामास जाणाऱ्या बापाच्या मुलाला ते ठाऊक असते, आणि ‘सुधारणा कोणासाठी?’ हा प्रश्न तोच विचारील. त्याला गप्प करू नये.

एक गोष्ट पाठाबाहेरची, पण विसरू नये अशी. चौथी झालेल्या मुलीची पुढली शाळा दूरच्या गावी असली, की शिक्षण तेथेच थांबण्याचा धोका असतो. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना एस.टी.चा पास विनामूल्य मिळतो. मुलांना भाड्याचा तिसरा हिस्साच द्यावा लागतो. पालकांना ही माहिती शाळा सोडल्याचा दाखला देतानाच द्यावी, जूनची वाट पाहू नये.

जलप्रवासातील संख्येचा प्रश्न जुना झालेला नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या लाँचवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ माणसे मृत्युमुखी पडली. धडक हे अपघाताचे कारण. पण त्या लाँचला ८४ उतारूंचा परवाना होता व तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती. त्यानंतर उतारूंनी जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले. सहलीसाठी घारापुरी किंवा जंजिऱ्यास मुले नेणाऱ्या शिक्षकाने नौकेची परवान्यातील संख्या आधी विचारावी, धक्क्यावरच मुले मोजावीत आणि जाकिटाचे पट्टे नौकेत पाऊल टाकण्यापूर्वी स्वतः ओढून पाहावेत. तांडेल घाई करीत असला तरी पुढच्या फेरीस थांबावे. राजपुरीहून निघालेल्या होडीत मुले दोन्ही काठांस सारखी वाटून बसवावीत. जंजिऱ्याचा दरवाजा दिसू लागताच ती सारी एका अंगास झुकतात. त्या वेळी त्यांना घमेल्यातील परातीची आठवण द्यावी.