मुलगा मोबाईल गेमच्या स्पर्धेत उतरलाय? हे तपासा

सानपाड्याच्या आमच्या वस्तीत एक आई मला म्हणाली, "ताई, पोरगा रात्रभर गेम खेळतो. म्हणतो, स्पर्धा आहे. खरं असेल का?"

खरे असू शकते. 2019 मध्ये हैदराबादला पबजी मोबाईलची मोठी स्पर्धा झाली. ती मुंबईच्या नमन माथुरच्या चौघांच्या संघाने जिंकली. 2023 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अशा खेळांना पदकेही होती.

पण अशी स्पर्धा शरीराला सोपी नाही. एक सामना साधारण अर्ध्या तासाचा, आणि एकामागून एक सामने. छाती धडधडते, तळहात घामेजतात. पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे चुरचुरतात. आपल्या चुकीने संघ हरला, तर झोप लागत नाही.

घरी हे करा:

1. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगा. अंगठ्याच्या बाजूला मनगटात जोराची कळ आली, तर कंडरांना सूज असू शकते. खेळ थांबवा, दवाखान्यात दाखवा.
2. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फूट लांब पाहू द्या.
3. सरावाची वेळ ठरवा. रात्रीची 8 तास झोप मोडू नका.

शाळा, जेवण, मित्र सुटले आणि ठरवूनही खेळ थांबत नाही, असे वर्षभर चालले, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते. अशा मुलाला मारू नका. इतके दिवस थांबूही नका. टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला.

आणि पैसे लावायला सांगणारा गेम म्हणजे स्पर्धा नव्हे. 2025 च्या कायद्याने त्यावर बंदी आहे. आज रात्री पोराजवळ बसा आणि विचारा, "कोणता गेम खेळतोस? मला दाखव."