समाजशास्त्र घेऊन पोट भरेल काय?

बारावीचा निकाल लागला, की आमच्याकडे येणाऱ्या पालकांच्या प्रश्नांत वर्षानुवर्षे तिळमात्र फरक पडत नाही: चिरंजीवांस संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळेल काय, न मिळाल्यास लातुरास ठेवून ‘नीट’चा आणखी एक फेरा करावा काय, आणि कन्या समाजशास्त्र घ्यावयाचे म्हणते, तिचे डोके ठिकाणावर कसे आणावे. पहिल्या दोहोंविषयी, ज्याला त्या विषयांत गोडी व गती असेल त्याने खुशाल जावे, नसेल त्याने बापाच्या हौसेखातर जाऊ नये, याहून अधिक मला सांगावयाचे नाही. तिसऱ्याचा मात्र आज फैसला करू. कारण तो विचारणारे हेच गृहस्थ उठता उठता, आवाज खाली आणून, ‘वसतिगृहात पोरगा गांजाच्या नादी तर लागणार नाही ना?’ असेही विचारतात, आणि या धास्तीचा ज्या शास्त्राने कसून विचार केला, त्यालाच निरुपयोगी ठरवून मोकळे झालेले असतात.

व्यसन हा केवळ दुर्बल मनाचा दोष, ही समजूत समाजशास्त्रज्ञांनी फार पूर्वीच तपासून पाहिली. गांजा ओढणाऱ्या ५० जणांच्या मुलाखती घेऊन हॉवर्ड बेकर या अमेरिकन अभ्यासकाने १९५३ साली असे दाखविले की, ओढण्याची रीत, अंमल ओळखणे आणि त्यात सुख मानणे या तिन्ही गोष्टी माणूस शिकतो, आणि त्या बहुधा सोबत्यांकडूनच शिकतो. याहून बोलका दाखला ली रॉबिन्स या विदुषींचा: व्हिएतनामहून १९७१ साली परतलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे एक पंचमांश तेथे अफू-हेरॉइनच्या आहारी गेले होते, परंतु मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतील अवघे पाचेक टक्केच पुन्हा त्या गर्तेत सापडले, भोवताल पालटला आणि बहुतेकांचे व्यसन मागे पडले.

आपल्याकडे दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दोन लाखांहून अधिक घरांतून माहिती गोळा झाली, पण १९८५ च्या कायद्यान्वये अमली पदार्थांचे सेवन हाच गुन्हा असताना, घरच्यांच्या देखत, उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला खरे कोण सांगणार? म्हणून एका व्यसनाधीनाच्या ओळखीने दुसऱ्याकडे, दुसऱ्याच्या ओळखीने तिसऱ्याकडे जात, ७२ हजारांहून अधिक जणांपर्यंत निराळ्या वाटेने पोहोचावे लागले. विश्वास संपादन करून जाबजबाब घेणे, ऐकलेले जसेच्या तसे टिपणे, नाव गुप्त राखणे, नमुना निवडणे आणि आकड्यांची रुजुवात घालणे, हे कसब आहे. आणि नोकरी कसबाला मिळते, विषयाच्या नावाला नव्हे.

व्यसनमुक्ती केंद्रे (पुण्याचे १९८६ पासूनचे ‘मुक्तांगण’ सर्वांस ठाऊक आहे), रुग्णालयांतील समाजसेवा विभाग आणि पाहणीचे काम करणाऱ्या संस्था यांना हे कसब लागते. कारखान्यांतही, १९४८ च्या अधिनियमाने ५०० वा अधिक कामगार असतील तेथे कल्याण अधिकाऱ्याची नेमणूक बंधनकारक केल्यापासून, या शिक्षणाला जागा झाली. मुंबईची १९३६ साली स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था व निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था येथे पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. मात्र संख्याशास्त्राला भिऊन, एकही वस्ती पायाखाली न घालता नुसती बी.ए.ची पदवी मिरविणाऱ्यास कोणी उभे करणार नाही, प्रारंभीचे वेतनही बेताचेच असेल, आणि ज्याला दुसऱ्याचे ऐकून घेण्याचा कंटाळा आहे त्याने इकडे फिरकूच नये.

आता पालकांविषयी. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला घर, मित्र व मैदान यांपासून तोडून, तिसऱ्यांदा परीक्षेला बसविण्यासाठी परगावच्या खोलीत कोंडणारा बाप त्याच्या भोवतीची जी माणसे काढून घेतो, त्यांची भरपाई कोणताही क्लास करीत नाही. मुलाच्या खिशात पुडी सापडताच अब्रूच्या भयाने त्याचे नाव कॉलेजातून काढणारे तर, अभ्यास आणि पुढे मिळू शकणारा रोजगार हे त्याला सावरणारे दोन आधार आपल्याच हाताने मोडतात; त्यांनी प्रथम १४४४६ या शासकीय दूरध्वनीवर सल्ला घ्यावा, उपचार सुरू करावेत आणि शिक्षण थांबवू नये. राहिली ती कन्या: संख्याशास्त्र शिकण्याची आणि अनोळखी माणसाचे तासन्‌तास ऐकून घेण्याची तिची तयारी आहे काय, एवढेच तिला विचारा. होय म्हणाली, तर फी भरा आणि गप्प बसा.