नातेसंबंध, मेंदू आणि मानसोपचार

घरातील माणूस दारूच्या आहारी गेला की त्याला दवाखान्यात दाखल करून नातेवाईक परत येतात आणि म्हणतात, "आता डॉक्टर काय ते बघतील." कोल्हार परिसरातही ही समजूत अपरिचित नाही. औषध आवश्यकच आहे. परंतु उपचार करणाऱ्याचे व घरच्यांचे रुग्णाशी नाते कसे आहे, यावरही बरेच अवलंबून असते. त्याचे कारण मेंदूच्या कार्यात आहे.

२००६ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. विजेचा धक्का बसण्याची शक्यता आहे अशी सूचना देऊन त्यांच्या मेंदूचे एम.आर.आय. चित्रण केले. कधी हात मोकळा, कधी परक्याच्या हातात, तर कधी पतीच्या. पतीचा हात धरला असता धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या भागांतील खळबळ सर्वांत कमी दिसली. ज्यांचा संसार अधिक समाधानाचा, त्यांच्यात काही भागांत ती आणखी कमी. (१६ ही संख्या लहान आहे, हे मान्य. शिवाय प्रत्येक पतीचा हात धीर देतोच असे नाही, हेही त्यातच आले!) धोका जोखताना सोबत कोण आहे, हेही मेंदू पाहतो. एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल मिळाले. शिकण्याने मज्जापेशींमधील जोडण्या बदलतात, हे त्यांनी समुद्री गोगलगायीवर दाखवले होते.

आता आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण पाहू. पुण्याला येरवडा येथे डॉ. सुनंदा (अनिता) अवचट व लेखक अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथील समुपदेशकांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे आहेत, आणि रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे.

असे का? दारू पिणाऱ्याला घरी, गावात, कामावर बोलणीच खावी लागतात. समोरचा हिणवणारच, हे त्याचा मेंदू शिकून बसलेला असतो. खरे बोलून भले झाल्याचे आठवत नाही, म्हणून तो खोटे बोलतो. समजा, एके दिवशी त्याने समुपदेशकाला सांगितले, "काल पुन्हा प्यालो." समोरचा ओरडत नाही, सोडूनही देत नाही, कुठे, कुणाबरोबर, त्याआधी काय घडले, एवढेच विचारतो. पाली वाङ्मयातील 'कल्याणमित्र' हा शब्द येथे आठवतो. एका भेटीने जुने शिकणे पुसले जात नाही. म्हणून पुन्हा पुन्हा भेटी लागतात.

पत्नीचे काय? पावलांच्या आवाजावरून नवरा पिऊन आला की नाही हे वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या बाईची छाती तो सुधारून आला तरी दारात पाऊल वाजताच धडधडते. "आता तरी विश्वास ठेव" असे तिला लगेच सांगणे अन्यायाचे आहे. तिलाही वेळ हवा, ऐकणारे माणूस हवे.

उपचारासाठी कोल्हारच्या जवळच लोणी येथे प्रवरा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. शासनाची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते. तेथे मराठीतून बोलता येते. रुग्णाप्रमाणे त्याच्या घरचेही फोन करू शकतात.