न बदलणारे बहुमत आणि लोकविवेक : बाबासाहेबांच्या एका व्याख्यानाचा अभ्यास

दि. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुणे डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीच्या विद्यमाने, प्रामुख्याने वकील असलेल्या श्रोत्यांसमोर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकशाहीच्या यशासाठी आवश्यक असणाऱ्या अटींचे विवेचन केले. त्याच वर्षाच्या आरंभी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून त्यांचा पराभव झाला होता व ते राज्यसभेचे सदस्य झाले होते. घोर विषमतेचा अभाव, विरोधी पक्षाचे अस्तित्व, कायदा व प्रशासनातील समता, संविधानिक नीतिमत्ता, बहुमताच्या जुलमाचा अभाव, समाजाची नैतिक व्यवस्था आणि लोकविवेक अशा सात अटी त्यांनी मांडल्या. पहिल्या दोहोंची चर्चा आपल्या व्याख्यानमालांतून पुष्कळ होते. शेवटची अट मात्र बहुधा नामोल्लेखापुरतीच उरते, आणि माझ्या मते वैविध्यपूर्ण समाजात बाकीच्या सहांचा भार तिच्यावरच आहे.

याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. दि. ६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी राजकीय बहुमत आणि जमातीचे बहुमत यांतील भेद स्पष्ट केला. राजकीय बहुमत मतांनी बनते, मतांनी मोडते. आजचा अल्पमतातला उद्या बहुमतात जाऊ शकतो. जमातीचे बहुमत जन्मानेच ठरलेले असते, निवडणूक त्याची केवळ मोजदाद करते. एका वसतिगृहात भोजन समितीची निवड मतदानाने होत असे. एकाच तालुक्याची मुले निम्म्याहून अधिक, म्हणून दरवर्षी समिती त्यांचीच. नियमभंग कोठेही नव्हता. पण तिसऱ्या वर्षी इतर मुलांनी मतदानाला येणेच सोडले. वर्गात हा भेद शिकवताना मला याहून सोपे उदाहरण सापडलेले नाही.

म्हणूनच त्या भाषणात, कोणत्याही एका जमातीला कायदेमंडळात निर्विवाद बहुमत असू नये, असा आग्रह धरून केंद्रीय कायदेमंडळात हिंदूंना ४० टक्के जागा त्यांनी सुचविल्या. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात तर अल्पसंख्याकांचे मंत्री त्या त्या समाजाच्या कायदेमंडळातील सदस्यांनीच निवडावेत, अशी योजना होती. संविधानात या योजना आल्या नाहीत; अनुसूचित जाती-जमातींसाठी संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा आल्या. रचनेतून जे संरक्षण मिळू शकले असते, त्याचा मोठा भाग त्यामुळे बहुसंख्यांच्या विवेकावर सोपविला गेला. १९५२ चे व्याख्यान वाचताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

प्रशासनासंबंधी त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की कारभार सत्तारूढ पक्षाच्या माणसांच्या सोयीने चालू नये. गरिबाच्या दृष्टीने शासन म्हणजे तलाठी, पोलीस ठाणे आणि रेशन दुकान. तेथे माणूस पाहून न्याय मिळू लागला की संविधानातील समतेचे कलम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

आता लोकविवेक. अन्याय कोणावर झाला हे न पाहता, ज्याला स्वतःला झळ बसलेली नाही त्यानेही निवारणासाठी पुढे येणे, असा त्याचा अर्थ त्यांनी सांगितला. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांसाठी झटणारे रेव्हरंड स्कॉट आणि त्या लढ्यात उतरणारे गोरे तरुण-तरुणी यांचा दाखला त्यांनी दिला. आणि मग श्रोत्यांना अस्वस्थ करणारी गोष्ट सांगितली : तशी दक्षिण आफ्रिका आपल्या प्रत्येक खेड्यात आहे, मात्र अस्पृश्यांसाठी लढायला अस्पृश्यांवाचून सहसा कोणी दिसत नाही.

त्यानंतर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. २०१५ च्या दुरुस्तीने पीडित व साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण त्यात आले, आणि ते आवश्यकच होते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे वकिली करतात, त्यांना पुढचे सांगायला नको. फिर्यादी वस्तीतला, पंच वस्तीतले, साक्षीदारही वस्तीतलेच. आणि हे सारे एकमेकांचे हितसंबंधी आहेत, हा बचाव पक्षाचा ठरलेला युक्तिवाद. घटना चावडीसमोर घडलेली असते, पाहणारे गावातले पुष्कळ असतात. समन्स निघते तेव्हा त्यांतले किती जण पिंजऱ्यात उभे राहतात, हे कोणत्याही एका खटल्याचे कागद उघडून पाहावे.