बिडी आणणारे हात

वीरसारख्या गांवीं बाप मुलास सहज सांगतो, “बाळा, दुकानांतून बिडी घेऊन ये.” परंतु अठरा वर्षांखालील कोणासही तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्यानें मनाई आहे. मुलानें नम्रपणें नकार द्यावा. पण तेथेंच थांबूं नये.

बिडीची तल्लफ बहुधा थोड्या मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ त्यानें वडिलांजवळ बसावें, पाणी द्यावें, त्यांस बोलण्यांत गुंतवावें. पहिले कांहीं दिवस वडील चिडचिड करतील. ती निकोटीन सुटल्याची खूण होय. उलट उत्तर देऊं नये. १८००-११-२३५६ ह्या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तो फोन मुलानेंच लावून द्यावा.

वाचकहो, विचार करा: आपल्या घरीं बिडी कोणाच्या हातीं आणविली जाते?