लष्कराचा तळ, नकाशा आणि नदीचा उतार



भूगोलाच्या तासाला गुरुजींनी आम्हांला गावाचा नकाशा काढायला सांगितला. मी नदी निळ्या खडूनं काढली. शाळा, मारुतीचं देऊळ, पार, विहीर, पलीकडची वस्ती, सगळं काढलं. माझा नकाशा सगळ्यांत सुबक झाला असं मला वाटलं. पण वस्तीवरून येणारा माझा मित्र म्हणाला, "अरे, यात माझं घर आहे, शाळा आहे, पण मी येऊ कुठून? उडून?" सगळी पोरं हसली. मी नदीचा उतार दाखवलाच नव्हता. मग गुरुजींनी आम्हांला जुन्या काळच्या लष्करी नकाशांची माहिती सांगितली. तीच मी इथे लिहितो.

छावणी कशी असे?

मराठ्यांची फौज दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायची. पावसाळ्यात नद्यांना पूर येतो, चिखलात तोफांचे गाडे रुततात. म्हणून तेव्हा फौज एका जागी राहायची. तिला छावणी म्हणत. वाटेतला एक-दोन दिवसांचा थांबा म्हणजे मुक्काम. एका सरदाराच्या लोकांची जागा म्हणजे त्याचा गोट.

हजारो माणसं, घोडे, बैल आणि उंट रोज नव्या जागी उतरायचे. मग गोंधळ कसा होत नसे? टी. डी. ब्रॉटन नावाचा एक इंग्रज १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर होता. त्यानं हे लिहून ठेवलं आहे. फौजेच्या पुढे बिनीवाला जाई. तो जागा पाही आणि एक लहान पांढरं निशाण रोवी. तिथं शिंद्यांचे डेरे लागत. मग त्या निशाणावरून बाजारांची निशाणं लागत. कोणता बाजार कुठं हे रोज तसंच असे आणि होईल तितकी सरळ ओळ धरत. आपल्या आठवडी बाजारात भाजीवाल्या मावशीची जागा ठरलेली असते ना, तसंच. म्हणजे तळाचा नकाशा कागदावर नसला तरी सगळ्यांच्या डोक्यात होता. बिनी म्हणजे फौजेची पुढची तुकडी. विसाजी कृष्ण बिनीवाले यांचं आडनाव त्यावरूनच आहे.

कवायत आणि कंपू

आपण शाळेत कवायत करतो. महादजी शिंद्यांनी १७८४ साली द बॉयन नावाच्या युरोपी माणसाला नोकरीत घेतलं. त्यानं शिपायांना एका तालात चालणं, ओळ धरणं, हुकूम होताच बंदूक भरणं शिकवलं. अशा कवायती पलटणींना कंपू म्हणत. आज आपण चिडून "त्यांचा कंपू" म्हणतो, तो हाच शब्द.

कागदावरचे नकाशे

त्याच काळात इंग्लंडातही सैन्याला शिकवायला मोठे तळ पडत. १७७८ साली केंट परगण्यात कॉक्सहीथ इथं असा तळ होता. अशा तळांचे नकाशे हातानं काढत. शाईनं रेघा मारायच्या आणि वर पातळ रंग द्यायचा. तंबूंच्या ओळी, घोड्यांच्या जागा, रस्ते आणि पाणी त्यात दिसे.

लांबी मोजायला एक मोठं चाक असे. ते रस्त्यानं ढकलत न्यायचं आणि फेरे मोजायचे. समजा, चाकाचा घेर ८ फूट आहे आणि १०० फेरे झाले, तर वाट ८०० फूट झाली. दिशा होकायंत्रानं बघत. जेम्स रेनेल यानं असं मोजमाप गोळा करून १७८२ साली हिंदुस्थानचा मोठा नकाशा छापला.

असईची लढाई

आता आपल्या जवळची गोष्ट. आपल्या देऊळगाव राजाच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात असई गाव आहे. तिथं केळणा आणि जुई या दोन नद्या जवळजवळ वाहतात आणि पुढं एकमेकींना मिळतात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांची फौज या दोन नद्यांच्या मधल्या जागेत होती. समोर केळणा नदी आडवी होती. जागा फार चांगली होती.

इंग्रजांचा सेनापती वेलस्ली नदीच्या दुसऱ्या बाजूला आला. त्याच्याकडे माणसं फार कमी होती. वाटाडे म्हणाले, इथं नदीला उतार नाही. पण वेलस्लीला दुर्बिणीतून पिंपळगाव आणि वरुड अशी दोन गावं दिसली. एक या काठावर, एक त्या काठावर, अगदी समोरासमोर. त्यानं विचार केला, इतकी जवळ गावं आहेत तर लोक एकमेकांकडे जात असणारच. मग उतारही असणार. आणि खरंच उतार होता! त्याची फौज तिथून उतरली आणि मराठ्यांच्या डाव्या बाजूला आली.

पण शिंद्यांचा कंपू पळाला नाही. कवायत पक्की होती, म्हणून त्यांनी झटकन तोंड वळवून नवी ओळ धरली आणि तोफा डागल्या. इंग्रजांकडचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. शेवटी मराठे हरले आणि त्यांच्या ९८ तोफा गेल्या. मराठ्यांचीही पुष्कळ माणसं पडली. त्या सगळ्यांच्या घरी कोणीतरी वाट पाहत असेल. पुढे याच वेलस्लीनं १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला.

मला काय समजलं?

घरी मी ही गोष्ट आबांना सांगितली. आबा म्हणाले, "त्यात काय पोरा! दोन्ही थडीला गाडीवाट समोरासमोर दिसली की समजावं, मधी उतार आहे. पन उतार उन्हाळ्यात येगळा आन् पावसाळ्यात येगळा." मला आठवलं, मागच्या श्रावणात माझ्या मित्राचं दप्तर त्याच उतारावर वाहून गेलं होतं. तोही पडला होता, पण एका काकांनी त्याला धरलं.

म्हणून मी नकाशा परत काढला. उतार दाखवला. उताराजवळच्या काळ्या खडकाला लाल रंग दिला. आबांनी सांगितलं, खडकाला पाणी लागलं की उतरायचं नाही. मग त्या दिवशी वस्तीवरच्या पोरांनी घरीच राहायचं. हा नकाशा शेजारीच लावला आहे.

पालकांनो, नकाशा जरूर बघा. आमची एखादी विहीर, पाऊलवाट किंवा धोक्याची जागा राहिली असेल तर पेन्सिलीनं दाखवा. तुम्हांला जे माहीत आहे ते आमच्या पुस्तकात नाही.

प्रश्न
१. मुक्काम आणि छावणी यांत फरक काय?
२. वेलस्लीनं उतार कसा ओळखला?
३. चाकाचा घेर ८ फूट आहे. घर ते शाळा १५० फेरे झाले, तर अंतर किती?
४. तुमच्या वाटेवरचा 'काळा खडक' कोणता?

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी