डबी संपल्यावरच मत द्यावे



या अंकातला पाठ पुस्तकातला नाही, घरातल्या आरशाखालच्या फळीवरचा आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही आमचीच फळी रिकामी केली. तोंडाला लावायची मलमे, अंगाला लावायची लोशने, पावडर, दोन लिपस्टिक, काजळ, अर्धवट उटण्याची पुडी असे सगळे मिळून एकोणीस नग निघाले. त्यांतले तळापर्यंत वापरलेले एकही नव्हते. आणि गंमत अशी की, या प्रत्येक वस्तूबद्दल आम्ही कोणाला ना कोणाला "चांगली आहे हो, घ्या" असे सांगून बसलो होतो! चार दिवस वापरून दिलेले ते मत. त्या दिवशी घरात नियम केला की जुने संपेपर्यंत नवे आणायचे नाही, आणि संपल्याशिवाय कोणाला शिफारस करायची नाही. हाच नियम आता शाळेत आणत आहोत.

संपवायचे म्हणजे वाट्टेल ते अंगावर थापायचे नव्हे. आधी ती वस्तू अजून जिवंत आहे का ते पाहावे. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचे मिश्रण. जिथे पाणी आहे तिथे जंतू वाढतात, म्हणून त्यात टिकाऊपणासाठी रसायन घातलेले असते. पण आपण रोज ओले बोट बुडवतो, झाकण उघडे ठेवतो, तेव्हा त्या रसायनाची ताकदही संपते. आपल्या नंदिगड्ड्याच्या पावसात तर भिंतीलाही ओल येते, मग उघड्या डबीचे काय? पुष्कळ डब्यांवर उघड्या झाकणाचे छोटे चित्र असते आणि आत आकडा असतो, सहा किंवा बारा. उघडल्यापासून तितके महिने, असा त्याचा अर्थ. तारीख झाकणावर शाईने लिहून ठेवावी. वास बदलला, पाणी सुटले, रंग फिरला, तर कितीही महाग असो, टाकून द्यावे. लोशनची बाटली संपत आली की तीत पाणी घालून हलवण्याची आपली सवय आहे. ती सोडावी. त्यापेक्षा बाटली कात्रीने कापावी, आठवडाभराचे तरी आत निघते.

कोरड्या किंवा निव्वळ तेलाच्या वस्तूंना ही भीती कमी. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे 'उबटन' हा शब्द आधी आला आणि 'उटणे' नंतर. पण दिवाळीच्या अभ्यंगाची पुडी दोन्हीकडे सारखीच. कोरडी राहिली तर ती टिकते, ओला चमचा गेला की बुरशी धरते.

आणि मुठेल! ज्याला कोणी भिरंड म्हणतात, कानडीत मुरुगलु म्हणतात, त्या कोकमाच्या बियांचे हे तेल. फळाची साल आमसुलासाठी जाते, बिया वाळवून कुटतात, पाण्यात उकळतात, वर तरंगणारे तेल गार झाले की घट्ट होते, आणि मुठीत दाबून त्याचा गोळा वळतात. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर, म्हणून ते साधारण चाळीस अंशांच्या आसपास वितळते आणि उन्हाळ्यातही घरात गोळाच राहते. भेगाळलेल्या टाचांना थोडे गरम करून रात्री लावायचे, ओठांना किंचित. आज मोठ्या कंपन्या हेच तेल 'कोकम बटर' नावाने क्रीममध्ये घालतात. आपल्या जंगलातली वस्तू सुंदर डबीत बसून आपल्यालाच परत विकायला येते, याचे हसू येते खरे. तरी आमचे म्हणणे असे नाही की घरचे ते सगळे सौम्य. लिंबाचा रस तोंडाला लावून उन्हात गेल्याने डाग पडलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

कोणतीही नवी वस्तू, घरची असो वा दुकानची, कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावी. लाली, खाज आली नाही तर मग तोंडाला.

साबणाची परीक्षा सर्वांत सोपी, म्हणून सातवीच्या वर्गाला तीच दिली आहे. वेष्टनावर 'टॉयलेट सोप' लिहिले आहे की 'बेदिंग बार', ते पाहा. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये साबणाचा मूळ स्निग्धांश, म्हणजे टीएफएम, निदान ७६ टक्के लागतो. दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्या प्रतीत ६०. बेदिंग बारला ४० टक्केही चालतो. वडी उघडल्याची तारीख आणि वजन लिहा, संपल्याची तारीख लिहा, घरातल्या माणसांच्या संख्येने भागा. स्वस्त वडी दहा दिवसांत विरघळली तर ती स्वस्त कशी? (वडी पाण्यात बसली असेल तर दोष साबणदाणीचा, हेही लिहावे.)

आता आमची एक चूक. एका स्नेहसंमेलनात नाच करणाऱ्या सगळ्या मुलींना मिळून एकच लिपस्टिक आणि एकच काजळ आम्हीच आणून दिले होते. पैसे वाचले. दुसऱ्या दिवशी काही मुली लाल, चिकट डोळे घेऊन आल्या. ओठाचे आणि डोळ्याचे काहीही दुसऱ्याला देऊ नये, हे आम्हाला तेव्हा कळले. यंदा ज्याचे त्याने आणायचे. ज्याच्याकडे नाही त्याने रंगाशिवाय नाचावे, नाच तोच राहतो.

कपाळाच्या टिकलीबद्दल मातांना एक सांगायचे आहे. काही टिकल्यांच्या गोंदात पीटीबीपी नावाचे रसायन असते, त्याने त्या जागी पांढरा डाग पडू शकतो. खाज किंवा फिकटपणा दिसताच ते पाकीट बंद करावे. इथे 'संपवून टाकू' हा हिशेब लावू नये.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी राहिले. २०२३ च्या सुरुवातीला वृत्तपत्रांत अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी आली होती. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने पार्लरमधून मिळालेली गोरेपणाची क्रीम लावली. गुण दिसला, म्हणून आई आणि बहिणीनेही लावली. तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासली तेव्हा तीत पारा निघाला. त्याच वर्षी केरळातल्या मलप्पुरममध्येही असेच रुग्ण सापडले. पारा कातडीतला रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून उजळपणा झटपट येतो. पण तो कातडीतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. मग लघवीला फेस येतो, पाय-तोंड सुजते. आपल्या कायद्यात, सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे, अशा क्रीममध्ये चुकून आलेला पारा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. मुद्दाम घालणे तर नाहीच.

पाहा, 'पंधरा दिवसांत फरक पडला' हे मत इथे खोटे नव्हते. तेच तर संकट होते. म्हणून वहीत पहिला प्रश्न 'गुण आला का' हा नाही. पहिला प्रश्न: कोणी केली? वेष्टनावर कारखान्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असावी; परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचा पत्ता व नोंदणी क्रमांक. म्हैसूर सँडलची वडी घ्या. १९१६ साली बेंगळूरला सुरू झालेल्या सरकारी कारखान्याचा वारसा आजही पत्त्यासकट छापलेला सापडेल. बिननावाची डबी, कितीही ओळखीच्या माणसाने दिली तरी, लावू नये, आणि संपवायलाही ठेवू नये. कोणी लावत असेल तर थांबवून डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्यावी. डबीही सोबत न्यावी.

१९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाले. वेष्टनावरचा शब्द बदलला. लग्नाच्या गोष्टी निघाल्या की घरातला शब्द मात्र अजून तोच ऐकू येतो. पालकहो, मुलगी ती डबी का शोधते, याचा विचार आपणही करावा.

वही दिवाळीच्या सुटीनंतर वर्गशिक्षकांकडे द्यायची आहे. एका पानावर एकच वस्तू लिहावी: उघडल्याचा दिवस, संपल्याचा दिवस, किंमत, कातडीला काय झाले, पुन्हा आणाल का. न संपलेल्या वस्तूचे मत घेतले जाणार नाही. आमच्या फळीवर आता सहा नग उरले आहेत. मुठेलाचा गोळा अजून अर्धा आहे, म्हणून त्याच्याबद्दलचे आमचे पान कोरेच आहे.